पद्मिनीचा हरवलेला ‘अर्थ’

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. उजवा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर डोळे मिचकावतो. आणि हेडलाइट? त्यापेक्षा देवघरातली समई बरी! बाबांची प्रीमियर पद्मिनी हौसेने पुन्हा रस्त्यावर आणलीत, तर हा लाइट-शो फुकटात बघायची तयारी ठेवा.

काळी-पिवळी पद्मिनी मुंबईतून २०२३च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. घरोघरी जपलेल्या पद्मिनी मात्र वीकएण्डला अजून बाहेर पडतात. त्यांचं कौतुक खूप होतं, पण रात्री घाटात मागच्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेकलाइट दिसलाच नाही, तर तो ‘रेट्रो लुक’ काय कामाचा?

अशा वेळी आपण बल्ब बदलतो. तरी उजेड पडत नाही, मग जादा वॉटचा बल्ब आणतो. घोडचूक! जुन्या वायरी आणि स्विच तेवढा भार पेलत नाहीत, तापतात, वितळतात. खरी बिघाडाची जागा बहुतेक वेळा दुसरीकडेच असते.

बॅटरीतून दिव्यापर्यंत करंट वायरीतून येतो, पण परत जातो तो गाडीच्या पत्र्यातून. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. कित्येक पावसाळ्यांचा गंज, त्यावर पेंटरने मारलेला चकचकीत रंग, आणि वाट बंद! रंगातून करंट जात नाही. मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून आडवाटेने घरी निघतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो.

खात्री करायला साधा मल्टिमीटर पुरे. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा, दिवा चालू करा. एक टोक बल्बच्या होल्डरच्या धातूला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा शून्याच्या आसपास हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर चोर सापडला. मीटर नसेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर थेट होल्डरला लावून बघा. दिवा लख्ख झाला की समजा, दोष अर्थचाच. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, जोडाखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकवायचा, स्क्रू घट्ट पिळायचा, वरून पेट्रोलियम जेली. खर्च जवळपास शून्य!

एक-दीड व्होल्टने एवढं काय बिघडतं? बरंच. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

अर्थ ठीक असूनही हेडलाइट पिवळटच असेल, तर स्विचकडे बघा. ६० वॉटचे दोन अप्पर म्हणजे १० अँपिअर, आणि जुन्या गाड्यांत हे सगळं बहुधा स्विचमधूनच जातं. इलेक्ट्रिशियनकडून रिले बसवून घ्या, बॅटरीजवळ फ्यूजसकट. स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, जड काम रिले करतो.

फ्यूज सारखा उडत असेल, तर त्यात चांदी गुंडाळू नका, प्लीज! पत्र्याच्या भोकातून जाताना वायर कुठे सोलली आहे ते शोधा.

सगळं झालं की रात्री गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर लावा आणि वॉचमनकाकांना मागे उभं करा. ब्रेक, डावा, उजवा... प्रत्येक वेळी जो दिवा लागेल तो त्यांनी ओरडून सांगायचा.