मळ कुठे संपतो, झीज कुठे सुरू होते

रिकामं झालेलं ऑफिस एकदा नीट निरखून बघावं. टेबलं, कपाटं, खुर्च्या टेम्पोत चढल्या की इतकी वर्षं कुणाच्या नजरेला न पडलेलं बरंच काही उघड्यावर येतं. फायलींचं कपाट जिथे होतं तिथे कार्पेटवर गडद निळा चौकोन असतो, भोवतीचं कार्पेट मात्र फिकट करडं. पंख्याच्या पात्याच्या कडेला काळी रेघ, एसीच्या जाळीभोवती छतावर धुरकट पट्टे, पॅन्ट्रीतल्या नळाच्या बुडाशी पांढरा टणक थर. व्हाइटबोर्डवर कुठल्याशा जुन्या मीटिंगमधला बाण, कितीदा पुसला तरी न गेलेला. किल्ल्या परत करण्याआधी हे सगळं साफ करायचं, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापले जातील, एवढंच त्या वेळी आपल्या डोक्यात असतं. पण यातला प्रत्येक डाग तिथे का बसला आणि कशाने सुटेल, हे शोधू लागलं की थक्क व्हायला होतं.

सुरुवात कायद्यापासून करू. भाडेपट्ट्यावर घेतलेल्या जागेबद्दल १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की, ताब्यात घेताना जागा जशी होती तशीच भाडेकरूने परत करावी. वाजवी वापराने झालेली झीज आणि कुणालाच न रोखता येणारी आपत्ती एवढेच अपवाद. आपल्याकडे पुष्कळशी ऑफिसं लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेली असतात. तिथे करारातल्या अटी लागू होतात, पण त्यांतही हे कलम थोड्याफार फरकाने बरेचदा असतंच. थोडक्यात, मळ काढून द्यायचा तो आपण, आणि वाजवी झीज सोसायची ती मालकाने. कायद्याने रेषा आखली खरी, पण ती नेमकी कुठून जाते हे ठरतं रेणूंच्या पातळीवर. बाहेरून येऊन पृष्ठभागावर बसलेला पदार्थ म्हणजे मळ. तो काढला की खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा मिळतो. झीज म्हणजे पृष्ठभागाचाच अंश गेलेला, किंवा बदललेला.

कार्पेटवरचा तो निळा चौकोन घ्या. भोवतीचं कार्पेट मळकं दिसतं म्हणून शाम्पू लावून घासलं, तर थोडा उजाळा येईल, पण दोन्ही रंग एक होणार नाहीत. खिडकीतून येणाऱ्या उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाच्या रेणूंमधले बंध तोडलेले असतात. कपाटाखाली ऊन पोचलं नाही, तिथले रेणू शाबूत राहिले. फिकटपणाचा हा भाग झीज आहे. जगातला कुठलाही साबण तो भरून काढू शकत नाही. त्यावर श्रम घालवण्याऐवजी त्याचा फोटो काढून ठेवावा.

आता धूळ. ऑफिसातल्या धुळीत माती असते, कागदाचे आणि कपड्यांचे तंतू असतात, रस्त्यावरची काजळी असते आणि आपल्या सगळ्यांच्या त्वचेच्या सूक्ष्म पापुद्र्यांचाही वाटा असतो. त्या पापुद्र्यांबरोबर स्क्वालीन नावाचं त्वचेचं तेल येतं आणि ते खोलीतल्या ओझोन वायूशी संयोग पावून त्याचं प्रमाण थोडं कमी करतं. म्हणजे माणसांची धूळ तिथल्या हवेच्या रसायनातही भाग घेत असते!

झाडताना वरून खाली यावं, हे घरातल्या थोरांनी आपल्याला शिकवलेलंच असतं. पण वरून उडालेली धूळ खाली यायला किती वेळ लागतो? स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर या गतीने उतरतो. तीन मीटर उंचीच्या छतापासून फरशीपर्यंत यायला त्याला सुमारे १७ मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. जळमटं काढल्या काढल्या लादी पुसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुळीचा थर दिसला, तर पुसणाऱ्याने हयगय केली असं नव्हे. कालची धूळ तोवर हवेतच होती. म्हणून छत, पंखे, ट्यूबलाइट एका दिवशी आणि फरशी दुसऱ्या दिवशी. ओलं फडकंही कोरडी धूळ निघाल्यावरच फिरवावं, कारण पाणी लागलं की कणांमधल्या फटींत ते शिरतं आणि कणांना एकमेकांशी व पृष्ठभागाशी घट्ट बांधून ठेवतं.

आणि पंखा? साधा छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेत असेल तर त्याच्या पात्याचं टोक ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने पळत असतं. इतक्या वेगात धूळ उडून जायला हवी, पण तीच तिथे सर्वांत जाड साचते. याचं उत्तर लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये मांडलेल्या सीमास्तराच्या कल्पनेत आहे. हलत्या पृष्ठभागाला अगदी खेटून असलेली हवा त्या पृष्ठभागाबरोबरच फिरते. पात्यावर बसलेल्या बारीक कणाच्या दृष्टीने वारा जवळजवळ नसतोच. पातं हवा कापत पुढे जातं तेव्हा हवा वळसा घालून निघून जाते, पण जड कणांना तेवढ्या चपळाईने वळता येत नाही; ते पुढच्या कडेवर आदळतात आणि तिथेच राहतात. काळी रेघ नेहमी पुढच्या कडेला का असते, ते आता लक्षात येईल.

एसीच्या जाळीभोवतीच्या धुरकट पट्ट्यांचं कारणही असंच अनपेक्षित आहे. आपण म्हणतो, एसीने घाण फेकली. प्रत्यक्षात जाळीतून जोराने निघालेला गार झोत आजूबाजूची हवा आपल्याकडे ओढून घेतो, आणि ती धूळ बहुतांशी आपल्या खोलीतलीच असते. शिवाय हवेतले कण गरम बाजूकडून गार बाजूकडे ढकलले जातात, कारण गरम बाजूचे रेणू त्यांना अधिक जोराने धक्के देतात. जॉन टिंडल यांनी १८७० मध्ये प्रकाशाच्या झोतात पाहिलं होतं की तापलेल्या वस्तूच्या वर धूळ नसलेला काळा पट्टा तयार होतो. तेव्हा नुसती जाळी धुऊन भागत नाही. भोवतीचं छतही आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडावं लागतं.

प्रिंटरच्या कोपऱ्यात वेगळीच गंमत आहे. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे शाई नव्हे, तर रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकची अतिशय बारीक पूड. प्रिंटर ती तापवून, वितळवून कागदावर पक्की करतो. सांडलेला टोनर गरम पाण्याने पुसायला गेलात तर प्रिंटरचंच काम तुम्ही फरशीवर कराल. तो कोरड्या किंवा गार ओल्या फडक्याने, न रगडता उचलावा.

मग येतो साबण. तेलकट मळ पाण्याने जात नाही आणि साबणाने जातो, हे आपण रोज बघतो. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं लांब शेपूट तेलात घुसतं. असंख्य शेपटं तेलाच्या थेंबात शिरली की थेंब पृष्ठभागापासून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. या पृष्ठभागांच्या विज्ञानाचा पाया रचणाऱ्यांत एका गृहिणीचं नाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी राहणाऱ्या आग्नेस पॉकल्स यांना विद्यापीठाचं दार बंद होतं, कारण तिथे तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता. आईवडिलांची सेवा आणि घरकाम सांभाळताना, भांडी घासायच्या पाण्यावर तेलाचा थर कसा वागतो हे त्यांनी पाहिलं आणि पृष्ठताण मोजायला पत्र्याचं एक उथळ उपकरण स्वतःच बनवलं. १८९१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. रॅले यांनी ती त्याच वर्षी 'नेचर'मध्ये छापून आणली. पुढे अर्व्हिंग लँगम्युर यांनी तशाच उपकरणाची सुधारित आवृत्ती वापरली. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चं नोबेल त्यांना मिळालं. मोरीतल्या पाण्याकडे इतक्या आस्थेने बघणारी ही बाई आठवली की हातातल्या फडक्याचीही किंमत वाढते.

पॅन्ट्रीतल्या एक्झॉस्ट फॅनवरचा पिवळा चिकट थर साध्या साबणाला दाद देत नाही. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो. तैलरंगातली चित्रं वाळतात ती याच क्रियेने. आपलं करडईचं तेल चित्रकारांच्या रंगांतही वापरतात. या थरावर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून लावावा आणि पंधरा-वीस मिनिटं वाट बघावी. सोडा त्या तेलाचाच काही भाग साबणात बदलतो. मात्र ॲल्युमिनियमच्या पात्यांना सोडा लावू नये, तो धातूच खातो.

बोअरच्या पाण्याने नळावर साचलेला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावलं की बुडबुडे येतात, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थर विरघळतो. पण त्याच नळाखालचा ओटा कडप्प्याचा असेल तर हात आवरा! कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडकाचेच प्रकार, म्हणजे त्यांतही कॅल्शियम कार्बोनेटच. नळावरचा थर काढणारं लिंबू ओट्याचा दगडच खातं आणि तिथे खडबडीत फिकट डाग उठतो. तो पुसून जात नाही, कारण तो मळ नाही. हँडओव्हरच्या आदल्या दिवशी, साफसफाई करता करता, आपणच नवं नुकसान करून बसतो.

टॉयलेटमध्ये तर जिवाशी गाठ आहे. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. एक वापरून झालं की भरपूर पाणी ओतावं, खिडकी उघडी ठेवावी आणि दुसरं शक्यतो वापरूच नये.

राहिला व्हाइटबोर्डवरचा बाण. बोर्डाच्या मार्करच्या शाईत रंगाबरोबर एक निसरडा पदार्थ असतो, तो रंगाला बोर्डाशी घट्ट चिकटू देत नाही. खूप दिवस लोटले की हा अडसर निकामी होतो आणि खूण बसते. त्या खुणेवर त्याच प्रकारच्या नव्या मार्करने गिरवा आणि ओली असतानाच पुसा. नव्या शाईतलं अल्कोहोल जुन्या शाईला विरघळवतं आणि दोन्ही एकदम निघतात. डाग काढायला त्यावर पुन्हा लिहायचं, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही.

भिंतीवरची टेप काढतानाही घाई नडते. टेपचा गोंद अर्धा द्रव, अर्धा घन असतो. झटका दिला की तो घनासारखा वागतो आणि रंगाचा पोपडा घेऊन येतो; हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश ओढला तर तो वाहतो आणि सोडतो. काचेवर उरलेला गोंद खोबरेल तेलाने सुटतो, पण भिंतीला तेल लावू नये, तिथे ते मुरतं.

म्हणून जागा सोडणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: साफसफाई शेवटच्या संध्याकाळवर ढकलू नका, तिला किमान दोन दिवस द्या. बाटलीवरची सूचना वाचा, आणि कुठलंही रसायन आधी कोपऱ्यात, नजरेआड, थोडंसं लावून बघा. हाऊसकीपिंगच्या मावशी आणि दादांना हातमोजे, मास्क आणि उघड्या खिडक्या हव्यातच. कुठल्या डागाला काय चालतं हेही त्यांना विचारा, कारण यातलं बरंचसं त्यांना अनुभवाने केव्हाच कळलेलं असतं. मळ सगळा निघाला की जे उरतं ती झीज. तिच्यासाठी डिपॉझिटमधला रुपयाही कापला जाऊ नये, हे मालकाला शांतपणे आणि पुराव्यानिशी सांगा.