तराजू, पाणी आणि घनता

स्पर्धा परीक्षेला बसणारी आपल्या हुपरीची मुले ‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान’ हे सूत्र घडाघडा म्हणतात. पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गोंधळतात. ज्या गावाचा संसार चांदीच्या तराजूवर चालतो, तेथे तरी असे होऊ नये, असे आम्हांस वाटते.

वस्तुमान म्हणजे पदार्थात द्रव्य किती; आकारमान म्हणजे त्याने जागा किती व्यापली. एक घन सेंटिमीटर पाणी सुमारे १ ग्रॅम भरते. तेवढेच तांबे सुमारे ९ ग्रॅम आणि चांदी १०.५ ग्रॅम.

आता शुद्ध चांदीचा १०५ ग्रॅमचा भरीव तुकडा दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा आणि तोला. तो १० घन सेंटिमीटर पाणी बाजूस सारतो. तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार त्यास खालून मिळतो आणि काटा ९५ ग्रॅम दाखवितो. द्रव्य मात्र रतीभरही घटलेले नसते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील आर्किमिडीजचा सिद्धांत तो हाच.

त्याच वजनाच्या तुकड्यात एक पंचमांश तांबे असेल, तर तो जागा अधिक व्यापील आणि काटा सुमारे ९४.७ दाखवील. फरक इतका बारीक, म्हणून काटाही नाजूक हवा. शिवाय पोकळ घुंगरात हवा अडकली, तर शुद्ध चांदीही हलकी भासेल. लोखंडी जहाज तरते ते अशाच पोकळीमुळे. तांब्यासोबत चांदीहून जड असे शिसे मिसळले, तर घनता जुळूनही येईल. तेव्हा घनतेवरून संशय घेता येतो. टंचाचा निकाल रासायनिक तपासणीनेच लागतो.

कारागिरास चांदी तोलून मिळते, दागिना तोलून घेतला जातो आणि उणीव पुष्कळदा त्याच्याच नावे पडते. अशा हिशेबास आम्ही बसतो, तेव्हा आणखी एक नियम कामी येतो : द्रव्य नाहीसे होत नाही. उणी पडलेली चांदी कानशीच्या किसात, मुशीच्या अंगाला, आम्लाच्या पाण्यात, कारखान्याच्या केरात असते. मग तो केर कोणाच्या पदरात पडतो, हेही हिशेबात आलेच पाहिजे.

परीक्षार्थींनी सूत्र लिहिण्यापूर्वी एवढे विचारावे : द्रव्य किती, जागा किती, आधार कोणाचा? कारागिराच्या मुलास हे तराजूपाशीच शिकता येईल, आणि बापाचा हिशेबही तपासता येईल.