घरच्या गॅरेजमधलं जायरोप्लेन

जायरोप्लेन दिसतं हेलिकॉप्टरसारखं, पण उडताना त्याच्या डोक्यावरची पाती इंजिनावर फिरत नाहीत. इंजिन फक्त पंखा फिरवून यंत्राला पुढे रेटतं. खालून वर येणाऱ्या वाऱ्याने पाती आपोआप गरगरतात आणि यंत्राला उचलून धरतात. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने 1923 मध्ये हे तंत्र उडवून दाखवलं. पुढे अमेरिकेत इगोर बेन्सनने आराखडे आणि सुटे भाग विकून ते सामान्यांच्या गॅरेजपर्यंत पोहोचवलं.

तिथे आजही असं यंत्र घरी बांधता येतं. अट पक्की आहे: अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं. म्हणूनच बांधणारा टप्प्याटप्प्याचे फोटो आणि नोंदी जपून ठेवतो.

मग नोंदणी क्रमांक, वजन-समतोलाचा हिशेब आणि तपासणी. सगळं पटलं की ‘एक्सपेरिमेंटल’ प्रमाणपत्र मिळतं. हा शब्द कॉकपिटच्या दाराशी ठळक रंगवावा लागतो. पहिले साधारण 40 तास ठरलेल्या हद्दीत, प्रवाशांविना चाचणी घ्यायची.

खरी परीक्षा इथेच. विमानाच्या सवयीने दांडा झटकन पुढे ढकलला, तर पात्यांवरचा भार सुटतो, त्यांचा वेग मंदावतो आणि यंत्र हवेतच कोलांटी खाऊ शकतं. शेपटीवरचा पुरेसा आडवा पंख हा धोका कमी करतो. तरीही अनुभवी वैमानिकाने वेगळं प्रशिक्षण घ्यायलाच हवं.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही दर 12 महिन्यांनी तपासणी असतेच. मुख्य बांधणाऱ्याला मात्र त्यासाठीचा परवाना काढून ती स्वतः करता येते.