तापल्या पाण्यातले क्षार

पाणी तापवले की त्यात मीठ अधिक विरघळते, हे शाळेतले वाक्य मी एका साखर कारखान्यात बॉयलरवर लागलो तेव्हाही मनात घट्ट धरून होतो. एका गळीत हंगामात रात्रपाळीला बॉयलरची नळी फुटली आणि माझ्या जोडीदाराचे दोन्ही हात भाजले. ठपका आम्हा पाळीवरच्या माणसांवर आला. दुसऱ्या दिवशी कापून काढलेली नळी मी पाहिली. आत दगडासारखा पांढरा थर होता. एवढ्या तापल्या पाण्यात क्षार विरघळायचे सोडून बाहेर का पडले? या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. सगळे क्षार मिठासारखे वागत नाहीत. कॅल्शियम सल्फेट तापल्या पाण्यात कमी विरघळते. त्यामुळे ते नेमके सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे नळीच्या आतल्या भिंतीवर बसते. थर उष्णता अडवतो, नळीचा धातू पाण्याला उष्णता देऊ शकत नाही, तो तापून मऊ पडतो आणि दाबाखाली फुटतो.

पुढे वाचताना कळले की साधे मीठही शेवटपर्यंत शाळेतला नियम पाळत नाही. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. दाब देऊन पाणी द्रव ठेवले, तर ३०० अंशांना हाच आकडा साठच्या आसपास जातो. पण ३७४ अंश आणि सुमारे २१८ वातावरणे दाब हा पाण्याचा क्रांतिक बिंदू. त्याच्या पलीकडे पाणी आणि वाफ हा भेद उरत नाही. ५०० अंशांना, २५० वातावरणांच्या आसपास, किलोभर पाण्यात जेमतेम १०० मिलिग्रॅम मीठ राहते.

कारण पाण्यातच आहे. मिठाचे धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढतात. पाण्याचे रेणू त्यांना वेढून ती ओढ सैल करतात. या क्षमतेचे माप म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. थंड पाण्यात तो सुमारे ८०, क्रांतिक बिंदूपाशी ६ च्या घरात. पाणी विरळ होते, रेणूंची एकमेकांवरची पकड सुटते आणि आयन पुन्हा जोड्या करतात. दाब वाढवून पाणी दाट केले, तर मीठ पुन्हा अधिक विरघळते.

निसर्गात हे समुद्रतळाशी घडते. १९७९ मध्ये ‘अ‍ॅल्विन’ पाणबुडीतील संशोधकांना पूर्व प्रशांत महासागरात, मेक्सिकोजवळ, सुमारे २६०० मीटर खोलीवर काळा धूर ओकणारी धुरांडी दिसली. खडकात मुरलेले समुद्राचे पाणी तिथे ३५० अंशांच्या वर तापून बाहेर येते. वाटेत कुठे ते समुद्रजलाच्या क्रांतिक बिंदूपलीकडे, म्हणजे सुमारे ४०७ अंश आणि २९८ बारपलीकडे गेले, तर त्याचे अतिखारट आणि कमी खारट असे दोन भाग होतात. म्हणून काही झरे समुद्रापेक्षा गोडसर, तर काही अधिक खारे. या धुरांड्यांच्या भिंतीत कॅल्शियम सल्फेटच असते. झरा थंडावला की ते हळूहळू समुद्रात विरघळून जाते.

कोराडी आणि सोलापूरच्या वीजकेंद्रांतले ६६० मेगावॅटचे संच क्रांतिक दाबाच्या वरच चालतात. तिथे पाणी आणि वाफ वेगळे करणारा ड्रम कामी येत नाही, त्यामुळे साचलेले क्षारयुक्त पाणी सोडून देण्याची सोयही नाही. क्षार आधीच, अब्जात काही भाग उरेपर्यंत, काढावे लागतात. नाहीतर ते नळीत किंवा टर्बाइनच्या पात्यांवर बसतात.

आमच्या नळीतला थरही एका रात्रीत आलेला नव्हता. महिनोन्‌महिने आत गेलेल्या पाण्याचा तो हिशेब होता. चौकशीच्या कागदांत हजेरीपट होता, पाळीच्या नोंदी होत्या. पाण्याच्या तपासणीचा एकही कागद नव्हता.