भुंगेरे, बीटल्स आणि आपली मुले

मुळा धरणाच्या पाटाचे पाणी आल्यापासून ज्या मुलखाची ओळख ऊस आणि साखर कारखाना यांवरून सांगितली जाऊ लागली, त्या नेवासे तालुक्यातील सोनईच्या परिसरात वळवाच्या पहिल्या दमदार सरीनंतरची संध्याकाळ शेतकऱ्याला जितकी सुखाची तितकीच सावधगिरीची वाटते; कारण दिवेलागणीच्या सुमारास ओल्या जमिनीतून तांबूस-तपकिरी भुंगेरे मोठ्या संख्येने वर येतात आणि बांधावरच्या कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमून पाला कुरतडू लागतात. हेच हुमणीचे भुंगेरे. रात्रभर खाऊन आणि जोडीदार गाठून पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. तेथे मादी एकेक करून पाचपन्नास अंडी घालते आणि त्यांतून निघालेली पांढरी, अर्धवर्तुळाकार वळलेली अळी पुढे कित्येक महिने उसाची मुळे खात राहते. वरून हिरवागार दिसणारा फड हळूहळू पिवळा पडतो आणि बेट हलक्या हिसक्यासरशी हाती येते, तेव्हा कोठे मालकाला जमिनीखालच्या कारभाराचा पत्ता लागतो. होलोट्रिकिया सेराटा हे या किडीचे शास्त्रीय नाव असून वर्षातून तिची एकच पिढी होते. म्हणूनच वळवाच्या दिवसांत रात्री फांद्या हलवून भुंगेरे पाडणे, प्रकाशसापळे लावणे आणि गोळा झालेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे हा बंदोबस्ताचा सर्वांत स्वस्त आणि हमखास मार्ग मानला जातो.

या बंदोबस्ताविषयी माझी तक्रार नाही. ज्याच्या प्रपंचाची भिस्त उसाच्या एका बिलावर आहे, त्याला भूतदयेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझे म्हणणे एवढेच, की घरातली मुले या मोहिमेत हौसेने सामील होतात, बादलीभर भुंगेरे गोळा करतात, आणि त्यांतला एकही भुंगेरा नीट न पाहता झोपी जातात. ज्याच्याशी आपले वैर आहे त्याचीही ओळख असावी, किंबहुना त्याची तर विशेषच असावी, हे तत्त्व आपण राजकारणात मानतो. शिक्षणात मात्र विसरतो. हीच गोष्ट दुसऱ्या एका क्षेत्रातही घडते. गिटार आणि ड्रम यांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य रॉक संगीताला आपल्या घरांतून ‘गोंगाट’ असा एकशब्दी निकाल मिळतो, आणि तो देणाऱ्याने एकही गाणे शेवटपर्यंत ऐकलेले नसते. भुंगेरे आणि रॉकचे जुने कलावंत या दोहोंची ओळख मुलांना एकाच ऋतूत करून द्यावी असे मी सुचवतो, याचे कारण दोन्हीकडे एकच सवय लावायची आहे: निकाल देण्यापूर्वी पाहणे, आणि नाव ठेवण्यापूर्वी ऐकणे.

बादलीत टाकण्यापूर्वी एक भुंगेरा मुलाच्या तळहातावर ठेवावा. प्रथम जाणवते ती त्याच्या काटेरी पायांची पकड. तो बोटांच्या फटीत डोके खुपसून खाली शिरू पाहतो, कारण त्याच्या लेखी तळहात ही देखील जमीनच असते. पाय मोजायला सांगावे: सहा. मग पाठीवरची ती कठीण, मध्यरेषेवर अचूक जुळलेली दोन कवचे दाखवावीत आणि विचारावे, की हा उडतो तो कशाने? थोडा धीर धरला तर उत्तर तोच देतो. डोक्यावरच्या आखूड मिशांच्या टोकाला असलेली इवलीशी पाती पंख्याप्रमाणे उलगडतात, हवेतील गंधाचा अदमास घेतला जातो, पाठीवरचे कवच उचलून बाजूला होते आणि त्याखाली घडी घालून ठेवलेले, कवचाहूनही लांब असे पातळ पारदर्शक पंख बाहेर येतात. ते कवच म्हणजे मुळात पंखांचीच पुढची जोडी होय. हे एवढे एक लक्षण ज्या मुलाच्या ध्यानात राहिले, त्याला भुंगेऱ्यांच्या विराट गणाची किल्ली मिळाली असे समजावे. कारण शास्त्राने आजवर नोंदवलेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे चार लाख आहेत, आणि ज्ञात प्राणिजातींपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या या गणाचा आहे.

मग त्या किल्लीने एकेक दालन उघडत जाते. पिकावरचा मावा फस्त करणारा ठिपक्याठिपक्यांचा ढालकिडा हा भुंगेराच, म्हणजे हुमणीचाच दूरचा नातलग, आणि शेतकऱ्याचा मित्र. डब्यातल्या मुगांना गोल भोके पाडणारा तोही भुंगेरा. बाभळीवरचा तो हिरव्या-सोनेरी झळाळीचा सोनकिडा, ज्याला काडेपेटीत पाला घालून बाळगण्याचा छंद मागच्या पिढ्यांतील खेड्यापाड्यांच्या मुलांना होता, तोही याच गणातला. काजव्याला तर आपण किडा म्हणूनही हिशेबात धरत नाही. पण तोदेखील भुंगेराच असून त्याच्या पोटातील द्रव्यांच्या संयोगाने होणाऱ्या त्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसतेच. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या बाजूला, मृगाच्या तोंडावर झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. सोनईहून तेथे जाणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. मुलांना शिंगणापूरला आणि नेवाशाच्या पैस खांबाला आपण नेतो, तसे एकदा तेथेही न्यावे.

शेणकिड्याची हकिकत मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. शेणाची गोळी करून मागच्या पायांनी ती ढकलीत नेणारा हा जीव गोठ्यामागे दिसला, की मुले हसतात. दक्षिण आफ्रिकेतील अशाच एका निशाचर शेणकिड्यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि २०१३ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की चंद्र नसलेल्या रात्री हा किडा आकाशगंगेच्या प्रकाशपट्ट्यावरून आपली सरळ दिशा राखतो. त्याच्या डोळ्यांवर आकाश झाकणारी छोटी टोपी बसवली तेव्हा त्याची वाट वाकडीतिकडी झाली. तारांगणाच्या घुमटाखाली केवळ आकाशगंगा दाखवली तेव्हा ती पुन्हा सरळ झाली. ज्याला आपण घाणीतला किडा म्हणतो त्याची दृष्टी ताऱ्यांवर असते, हे ज्या दिवशी मुलाला कळेल त्या दिवशी त्याची हसण्याची रीत बदलेल.

भुंगेऱ्यांवरून रॉकच्या कलावंतांकडे जाण्याची वाट मी कल्पनेने काढलेली नाही; ती शास्त्राच्या दप्तरात नोंदलेली आहे. विहिरीच्या किंवा संथ पाटाच्या पाण्यावर थव्याने गरगर फिरणारे काळे चकचकीत भुंगेरे मुलांनी पाहिलेले असतात. त्यांचा प्रत्येक डोळा दुभंगलेला असून अर्धा भाग पाण्यावरचे आणि अर्धा पाण्याखालचे पाहतो. या जातकुळीतील, भारतात आढळलेल्या एका नव्या जातीला २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘ओरेक्टोकायलस ऑर्बिसनोरम’ असे नाव दिले, ते रॉय ऑर्बिसन हा गायक आणि त्याची पत्नी बार्बरा यांच्या स्मरणार्थ व सन्मानार्थ. हा ऑर्बिसन म्हणजे १९६४ मध्ये ‘ओ, प्रिटी वुमन’ हे गाणे गाजवणारा, सदैव काळा चष्मा लावून गाणारा गायक. आणि १९६३ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याच्याच कार्यक्रमांत लिव्हरपूल बंदरातील चार तरुणांचा एक वाद्यवृंद गात होता, त्याचे नाव बीटल्स. बडी हॉली या गायकाच्या वृंदाचे नाव रातकिड्यांवरून होते, म्हणून त्याच्या या चाहत्यांनी आपले नाव भुंगेऱ्यांवरून घेतले आणि त्याच्या अक्षरांत किंचित फेरफार केला.

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचा इतिहास मुलांना सांगताना सुरुवात लिव्हरपूलपासून न करता मुंबईपासून करावी असे मला वाटते. हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईला आला होता. त्याच वर्षी निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या संग्रहातील ‘लव्ह यू टू’ हे त्याचे गाणे मुलांना ऐकवावे: आरंभी तालाविना सतारीचे आलापासारखे सूर येतात, मग तबला उचलतो, आणि तो तबला वाजवणाऱ्याचे नाव वेष्टनावर छापलेले आहे, अनिल भागवत. पुढे १९६८ च्या जानेवारीत हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण केले. त्यात शिवकुमार शर्मांचे संतूर आहे, एस. आर. केंकरे यांची बासरी आहे, आणि जी आपल्या प्रत्येक मांडवात वाजते ती सनईही आहे. जे संगीत परके म्हणून आपण दाराबाहेर उभे करतो, त्याच्या घरात आपली वाद्ये केव्हाच जाऊन बसली आहेत.

यानंतर कानाचे खेळ घ्यावेत. १९६७ च्या ‘गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग’ या गाण्याचा आरंभ कोंबड्याच्या आरवण्याने होतो आणि शेवटी एकामागून एक प्राण्यांचे आवाज येतात; त्यांचा क्रम लावताना मागच्याने पुढच्याला भिववावे किंवा खावे अशी लेननची कल्पना होती. मुलांना तो क्रम ओळखायला लावावा. १९६९ च्या ‘सन किंग’ या गीताच्या प्रारंभी रातकिडे किरकिरतात. पिंक फ्लॉइड या दुसऱ्या प्रख्यात वृंदाच्या ‘ग्रँटचेस्टर मेडोज’मध्ये चंडोल गातो, माशी घोंघावते आणि अखेरीस कोणीतरी तिला फटका मारतो. शहरातल्या मुलापेक्षा सोनईचे मूल हे आवाज अधिक नेमके ओळखील, कारण रातकिड्याचा आवाज त्याच्या रोजच्या अंगणातला आहे. त्याच बैठकीत सांगावे, की रातकिडा हा भुंगेरा नव्हे, तो नाकतोड्याच्या गणातला. आणि तो तोंडाने गात नाही, पुढच्या पंखांची कड एकमेकांवर घासून वाजवतो.

विद्युत्‌गिटारही अशीच उलगडून दाखवता येते. पोलादी तार लोहचुंबकावर कंप पावते, त्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात अल्पसा विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक तो वाढवतो. सायकलच्या डायनामोचे तत्त्व ज्याला शाळेत शिकवले आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मग एकाच गाण्यात पहिल्या वेळी फक्त ड्रम, दुसऱ्या वेळी फक्त खर्जातली बास गिटार, तिसऱ्या वेळी फक्त गळा असे ऐकायला सांगावे. ज्या एकाग्रतेने भुंगेऱ्याचे पाय आणि पंख निरनिराळे पाहिले, तिचेच हे दुसरे रूप.

फ्रेडी मर्क्युरीचे नाव घेतल्यावाचून महाराष्ट्रातील मुलांपुढे हा विषय पुरा होत नाही. झांजिबारमध्ये १९४६ साली एका पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तेथेच पियानो शिकला आणि तेथेच सवंगड्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा पहिला वृंद काढला. पुढे ‘क्वीन’ या वृंदाचा गायक म्हणून जगाने ज्याला डोक्यावर घेतले, तो सह्याद्रीच्या एका वसतिगृहातला विद्यार्थी होता. त्याचा सहकारी गिटारवादक ब्रायन मे याने तर २००७ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, खगोलशास्त्रातील आपला अर्धवट राहिलेला प्रबंध पुरा करून डॉक्टरेट मिळवली.

या कलावंतांपैकी अनेकांची आयुष्ये व्यसनांनी पोखरली गेली, हे लपवू नये; मूल जाणत्या वयाचे झाले की ते सरळ सांगावे. गाणी मात्र मोठ्यांनी आधी स्वतः ऐकून निवडावीत. भुंगेऱ्यांच्या बाबतीतही विवेक हवा: काही भुंगेऱ्यांच्या अंगातील द्रव कातडीवर फोड आणतो, म्हणून अनोळखी जात उघड्या हाताने उचलू देऊ नये आणि पाहून झालेला निरुपद्रवी जीव होता तेथे सोडावा.

सोनई आणि भोवतालच्या गावांतील शिक्षकांना माझी विनंती आहे, की शाळा भरताच जूनमधील एका शनिवारचे दोन तास यासाठी राखून ठेवावेत. पहिल्या तासाला प्रत्येक मुलाने पाहिलेल्या एका भुंगेऱ्याचे चित्र, तारीख, वेळ आणि झाडाचे नाव वहीत नोंदवावे. दुसऱ्या तासाला वर सांगितलेल्यांपैकी एकच गाणे तीनदा ऐकवावे आणि काय काय ऐकू आले ते त्याच वहीच्या पुढच्या पानावर लिहून घ्यावे. या उपक्रमाला साधा मोबाईल, एक बरा ध्वनिक्षेपक आणि वहीची दोन पाने याहून अधिक काहीही लागत नाही.