दिवेलागणीला पोर ठेचकाळतंय? आधी डोळे तपासा

आमच्या कोरेगाव भागात वस्तीवर फिरताना एका घरी सहा वर्षांची मुलगी भेटली. दिवसा छान खेळायची. दिवेलागण झाली की आईचा पदर सोडायची नाही, उंबऱ्याला ठेचकाळायची. घरचे म्हणायचे, "भित्री आहे." शेजारीण म्हणाली, "बाहेरचं असेल, देवऋष्याला दाखवा." खरं तर तिला अंधारात दिसतच नव्हतं.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी साधारण ६० लाख. त्या भरपूर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाहीत, पण मंद उजेडही त्या पकडतात. म्हणून वस्तू किती उजळ दिसते, हे नुसत्या दिव्यावर ठरत नाही, कोणत्या पेशी काम करताहेत यावरही ठरतं.

विहारावरचा पंचशील ध्वज तिन्हीसांजेला नीट बघा. भर दिवसा उठून दिसणारा लाल पट्टा काळपट वाटतो, निळा त्याच्यापेक्षा उजळ दिसतो. ध्वज तोच असतो. उजेड कमी झाल्यावर दंडपेशींनी काम हाती घेतलेलं असतं आणि त्यांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही.

लख्ख उजेडात दंडपेशींमधलं रंगद्रव्य विरून जातं. ते पुन्हा भरायला अंधारात अर्धा तास लागतो. म्हणून रात्रीच्या विजेवर उसाला पाणी धरायला जाणाऱ्यांनी ट्यूबलाइटखालून थेट सरीत उतरू नये. डोळे सरावू द्यावेत, बॅटरी पायाशी धरावी, काठी आपटत चालावं.

हे रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनतं. ते कमी पडलं की आधी रात्रीची नजर जाते. हाच रातांधळेपणा. पुढे डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात. तरीही दुर्लक्ष केलं तर बुबुळ खराब होऊन कायमचं अंधत्व येतं.

काय करावं?

• अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला लशीबरोबर, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, मग ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी. एकूण ९ डोस, सरकारी केंद्रात मोफत. कार्ड तपासा. जादा डोस मनाने देऊ नका. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

• शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, गाजर, पिकलेली पपई, अंडी, जमेल तेव्हा कलेजी खायला द्या. भाजीला थोडं तेल हवंच, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

• डोस देऊनही फरक पडला नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडदा तपासून घ्या. काही रातांधळेपणा आनुवंशिक असतो. मामा-आत्याच्या नात्यात लग्नं झालेल्या घरांत त्याचा धोका वाढतो.

• साखरेचा आजार असेल, तर वर्षातून एकदा पडदा तपासा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती.

त्या मुलीला दवाखान्यात डोस मिळाला. चार दिवसांत ती संध्याकाळी ओट्यावर खेळू लागली. गंडा बांधत बसलो असतो, तर तिचे डोळे गेले असते.

जयभीम.