दोन कोटींचा डावा कोपरा

मोहम्मदरझा शादलूईसाठी गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाच्या लिलावातली ही बातमी आता जुनी झाली. माझं मन मात्र अजून अडकलंय ते या इराणी पठ्ठ्याच्या जागेत. तो डाव्या कोपऱ्यात खेळतो.

कबड्डीत टाळ्या चढाईपटूच्या. कोपऱ्यातला गडी साखळीचं टोक धरून, कंबरेत वाकून वाट बघत उभा असतो. चढाईवाल्याचा पाय बोनस रेषेकडे सरकला की झेपावून घोटा धरायचा. मग तो मध्यरेषेकडे फरफटत नेईल, बाकीचे सहा जण अंगावर कोसळतील, तरी हात सुटता कामा नये. मातीवर हे करताना कोपर सोलून निघतं. मंडळाच्या मिरवणुकीत खांद्यावर बसलेला कोपऱ्याचा गडी मी क्वचितच पाहिला. म्हणून या जागेला मोल आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

हे मोल आलं टीव्हीमुळे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर बाद, हा नियम लीगने आणला. पूर्वी आघाडीवरचा संघ मध्यरेषेजवळ दम घुमवत वेळ काढायचा. आता चढाईपटूला आत शिरावंच लागतं, आणि आत शिरला की कोपरा टपलेलाच असतो. शिवाय मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड साधली तर एक गुण जादा. खेळ पडद्यावर रंगावा म्हणून केलेल्या नियमांनी पकडीची किंमत वाढवली. २०१४च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरला तो राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२५ मध्ये सर्वांत खालच्या गटाची मूळ बोलीच ९ लाखांची होती. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाखांना गेला आणि वर्षभरात त्याचा भाव १ कोटी ४५ लाख झाला.

पण हा भाव टिकतो किती? पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला, हंगाम संपला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख मोजले. तो उच्चांक २०२५च्या लिलावातही मोडला नाही. त्याच लिलावात हाच पवन ५९ लाख ५० हजारांना थलैवाजकडे परतला.

महाराष्ट्राच्या कबड्डीत ‘व्यावसायिक गट’ हा शब्द लीगच्या कितीतरी आधीचा आहे. रेल्वे, पोलीस, बँका, पेट्रोलियम कंपन्या यांचे संघ त्या गटात खेळत आले. लालबाग-परळच्या पोराला मंडळाचा बनियन अंगावर चढला की घरच्यांना दिसायची ती खेळाडू कोट्यातली नोकरी. रक्कम बेताचीच, पण गुडघा गेला तरी एक तारखेला पगार हातात. निवृत्तीपर्यंत. माझ्या मते कबड्डीत आलेला सगळ्यात मोलाचा पैसा तो होता. बाराव्या हंगामात संघाच्या ५ कोटींच्या थैलीतून २ कोटी २३ लाख एकालाच गेले, तर उरलेल्या पावणेतीन कोटींत अख्खा संघ बसवायचा. बारा संघांच्या थैल्या मिळून ६० कोटी झाले. आयपीएलच्या एका संघाला २०२५च्या मोसमासाठी १२० कोटींची मुभा होती. म्हणजे आपल्या खेळात पैसा फार झाला, असं म्हणायची वेळ आलेलीच नाही. तो थोड्या हातांत आणि थोड्या दिवसांपुरता येतो, हे दुखणं आहे. मोठ्या करारातला ठरावीक हिस्सा खेळाडूच्या दुखापतीसाठी आणि पस्तिशीनंतरच्या आयुष्यासाठी बाजूला ठेवणं लीगने सक्तीचं करायला हवं.

आणि मुली? २०१६ मध्ये चौथ्या हंगामासोबत तीन संघांची महिला स्पर्धा झाली. त्यानंतर पुन्हा झालीच नाही. प्रेक्षक मिळत नाहीत हे कारण मला पटत नाही. २०१२ मध्ये पाटण्यात भारताने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या मराठी मुलींना राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी दिले. हांगझो एशियाडचं सुवर्ण आपल्या मुलींनी एका गुणाने खेचून आणलं. गुणांची कमतरता कुठे आहे?

गेल्या थंडीत उपनगरातल्या एका मंडळाच्या स्पर्धेत महिलांचा सामना बघत होतो. दिव्यांखाली माती ओली करून दाबलेली, दोरीबाहेर चार-पाच रांगा माणसं. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने शेवटच्या मिनिटाला घोटा धरला, मध्यरेषेपर्यंत ओढली गेली, पण सोडलं नाही. सामना जिंकला. ती पायरीवर बसून मनगटाला बर्फ लावत होती. मी जवळ गेलो तेव्हा ती प्रशिक्षकांना विचारत होती, पोलीस भरतीची मैदानी चाचणी नक्की कधी आहे.